व्यवसायवृत्ताची मराठी परंपरा : ‘किर्लोस्कर खबर’ ते संगणकवार्ता

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी नियतकालिकांच्या इतिहासाचे विवेचन करताना आपण सामान्यतः दोन परंपरांचा मागोवा घेतो. पहिली लोकजागृतीची. ती १८३२ च्या ‘दर्पणा’पासून निघते आणि ‘केसरी’च्या काळात ऐन भरात येते. दुसरी ज्ञानप्रसाराची. बाळशास्त्री जांभेकरांच्याच ‘दिग्दर्शना’त (१८४०) तिचा उगम सापडतो, आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’, ‘विविधज्ञानविस्तार’ ह्या टप्प्यांनी ती विसाव्या शतकातील ‘सृष्टिज्ञाना’पर्यंत (१९२८) येऊन पोहोचते. ह्या दोन्ही परंपरांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तिसरीही एक परंपरा आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडे गेले आहे. एका धंद्यातील माणसांनी त्याच धंद्यातील माणसांकरिता चालविलेल्या वृत्तपत्राची ही परंपरा होय. प्रस्तुत लेखात तिला ‘व्यवसायवृत्त’ असे म्हटले आहे.

ज्ञानप्रसारक मासिक आणि व्यवसायवृत्त ह्यांतील भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. ज्ञानप्रसारक मासिक जाणत्याने नेणत्यास सांगितलेले असते. व्यवसायवृत्तात जाणता जाणत्याशी बोलतो. पहिल्यात विजेचा दिवा कसा लागतो हे सांगावे लागते. दुसऱ्यात अमुक कारखान्यातील दिवे गेल्या पंधरवड्यात कां विझले, आणि ते पुन्हा लावणाऱ्याने काय केले, एवढेच सांगितले की पुरे. पहिल्यात व्याख्या लागतात, दुसऱ्यात बातम्या. पहिल्यातील नायक शास्त्र असते. दुसऱ्यातील नायक कारागीर असतो. म्हणूनच व्यवसायवृत्तात मुलाखतीला जे स्थान मिळते ते ज्ञानप्रसारक मासिकात सहसा मिळत नाही.

ह्या भेदाच्या आधारे एक प्रश्न विचारावयाचा आहे. गेल्या साठ वर्षांत मुंबई, पुणे आणि त्यांच्या परिसरात संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा एक मोठा व्यवसायवर्ग उभा राहिला. त्यात मराठी बोलणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. ह्या वर्गासाठी बातम्या आणि मुलाखती ह्यांचे एखादे मराठी पत्र काढावयाचे झाल्यास त्यास आपल्या इतिहासात कोणता आधार सापडतो, आणि तो इतिहास कोणते धोके दाखवितो?

२. तीन शब्द

विषयप्रवेश शब्दांच्या वाटेने करणे सोयीचे होईल. ‘खबर’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या द्वारे तो मराठीत आला. त्याचेच अरबी अनेकवचन ‘अखबार’. पेशवाईत दरबारोदरबारी वकील असत आणि अखबारनवीस असत. त्यांनी धाडलेल्या बातमीपत्रांवर राजकारणाचे मोठे व्यवहार चालत. हे अखबार सर्वांसाठी नव्हते. राजकारण ज्यांचा धंदा, त्यांनी त्या धंद्यासाठी मिळविलेली ती वार्ता होती. मुद्रणपूर्व काळातील व्यवसायवृत्त असे त्यांस म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

‘मुलाखत’ हा दुसरा शब्द. मूळ अर्थ भेट, आणि हिंदी-उर्दूत तो आजही शाबूत आहे. मराठीत मात्र अर्थसंकोच होऊन हा शब्द दोन ठिकाणी स्थिरावला: नोकरीसाठी घ्यावयाची तोंडी परीक्षा, आणि पत्रकाराने घेतलेली प्रश्नोत्तरे. प्रोग्रॅमरपुढे ‘मुलाखत’ म्हणताच त्याला प्रथम आठवते ती परीक्षाच. हा केवळ विनोदाचा भाग नाही. ज्या व्यवसायात माणसाला कोणी प्रश्न विचारतो तो केवळ त्याची पारख करण्यासाठी, त्याचे काम समजावून घेण्यासाठी विचारीत नाही, त्या व्यवसायाला स्वतःचे पत्र नाही असे अनुमान ह्या अर्थसंकोचावरून काढता येते.

तिसरा शब्द स्थलनामातील आहे. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, असे स्थानिक लोक सांगतात. ही लोकव्युत्पत्ती आहे आणि तिला तेवढेच वजन द्यावयाचे. परंतु ‘बदल’ हाही अरबीतूनच आलेला शब्द, आणि घोडे बदलीत पुढे जाणारी टप्प्याटप्प्यांची डाक हेच जुन्या काळी खबरेचे वाहन. त्या दृष्टीने, व्युत्पत्ती खरी असो वा नसो, बदलापुरात बसून वार्तेच्या वाहनांचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

३. किर्लोस्करवाडी, १९२०

मराठीतील व्यवसायवृत्ताचे ठळक उदाहरण म्हणजे ‘किर्लोस्कर खबर’. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी बेळगावास लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ह्या समजुतीमुळे शेतकरी त्यास हात लावीनात. पुढे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांच्या आश्रयाने १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळील माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. ‘खबर’ तेथे जानेवारी १९२० मध्ये निघाली. संपादक शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे. पंडित सातवळेकर ह्यांच्यापाशी लाहोरास त्यांनी ती कला अभ्यासिली होती, आणि कारखान्यात जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते.

ह्या पत्राचा हेतू साधा होता. कारखान्यात काय चालले आहे ते गिऱ्हाइकांस कळावे, आणि नांगर, चरक, मोट ह्यांविषयी त्यांचा विश्वास वाढावा. अशा पत्रांची चाल पश्चिमेकडे आधीच पडली होती. अमेरिकेतील जॉन डीअर हे नांगर करणारेच. त्यांच्या कारखान्याने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी एक पत्र काढले आणि त्यास नाव दिले ‘द फरो’, म्हणजे नांगराचे तास. फोर्ड मोटार कारखान्याचे ‘फोर्ड टाइम्स’ १९०८ पासून निघत होते. तेव्हा नांगर करणाऱ्याने वृत्तपत्र काढणे ही जगाच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नव्हती. नवल होते ते मराठीत, आणि तेही एका संस्थानातील माळरानावरून.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. ‘खबर’ ज्या वाचकाशी बोलत होती त्याच्या धंद्याची भाषा मराठीच होती. फाळ, इसाड, रुमणे, जू हे शब्द शेतकऱ्याचे. बीड, कानस, ओतकाम, भाता हे कारागिराचे. त्यांना जोडूनच लेथ, फौंड्री, इंजिन हे नवे शब्द आले आणि मराठी प्रत्यय लेवून बसले. संपादकाला परिभाषा घडविण्याची गरज पडली नाही. ती कारखान्याच्या आवारात आधीच बोलली जात होती.

४. यशातून आलेला बदल

‘खबर’ लोकप्रिय झाली, आणि ह्या लोकप्रियतेमुळेच तिचे स्वरूप पालटले. उद्योगी माणसांच्या यशकथा, स्वावलंबन, समाजसुधारणा, कथा असे विषय वाढत गेले. पहिल्या दशकाच्या अखेरीस ‘खबर’ हा शब्द गळून मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे जन्मास आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील निबंध ‘किर्लोस्कर’मध्येच प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात ह्या मासिकांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ह्या यशाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. कारखान्याचे पत्र मध्यमवर्गाचे मासिक झाले, तेव्हा कारागिराचे पत्र राहिले नाही. सामान्य वाचक संख्येने मोठा. धंद्यातील वाचक थोडा. मासिकाचा संसार वाढला की त्यास मोठ्या वाचकाकडे वळावेच लागते. ‘खबरे’च्या नावातील वार्ता गेली आणि उद्योगाचे नाव तेवढे उरले, ही घटना मराठी व्यवसायवृत्ताच्या इतिहासाचे सूत्रच सांगते असे मला वाटते.

ह्याला अपवाद नाही असे मात्र नव्हे. सकाळ समूहाने २००५ साली शेतकऱ्यांसाठी ‘अ‍ॅग्रोवन’ हे स्वतंत्र दैनिक काढले. बाजारभाव, हवामान, पिकांवरील रोग आणि शेतकऱ्यांच्या यशोगाथा ह्यांवर एक अख्खे मराठी दैनिक उभे राहू शकले. कारण उघड आहे. शेतीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि तो शेतीविषयी मराठीतच विचार करतो. म्हणजे अडचण मराठीच्या असमर्थतेची नाही. ज्या धंद्याची बोली मराठी, त्याचे पत्र मराठीत जगते. तेव्हा मूळ प्रश्न असा होतो की, प्रोग्रॅमरच्या धंद्याची बोली कोणती?

५. प्रोग्रॅमरांची पत्रे : जगातील अनुभव

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी अन्यत्र काय घडले ते थोडक्यात पाहू. संगणकावरील आद्य नियतकालिक अमेरिकेत एडमंड बर्कली ह्यांनी १९५१ च्या सुमारास काढले. पुढे ते ‘कॉम्प्युटर्स अँड ऑटोमेशन’ ह्या नावाने ओळखले गेले. ‘डेटामेशन’ १९५७ चे. १९७६ साली ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ निघाले ते लहान संगणकांवर चालेल अशी बेसिक भाषा वाचकांच्या हाती देण्याच्या निमित्ताने. त्यात वाचकच लेखक होता. कोणी प्रोग्रॅम धाडी, दुसरा त्यातील चूक दाखवी, तिसरा तो सुधारी. मार्च १९९४ मध्ये ‘लिनक्स जर्नल’चा पहिला अंक आला, त्यात लिनस टोरवाल्ड्स ह्यांची मुलाखत होती. आरंभीच मुलाखत छापण्यात एक दृष्टी होती. प्रणाली वाचकाच्या यंत्रावर आधीच चालत होती; तिच्यामागील माणूस कोण, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते.

१९९७ साली ‘स्लॅशडॉट’ सुरू झाले. मुलाखतीचे प्रश्न वाचकांनीच सुचवावयाचे आणि त्यांतील निवडक प्रश्न पाहुण्यापुढे ठेवावयाचे, असा प्रघात त्याने पाडला. १९९८ च्या जानेवारीत लिनक्सच्या साप्ताहिक वार्तेसाठी ‘एलडब्ल्यूएन’ निघाले. ह्याची कथा आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. २००२ साली पैशाअभावी ते बंद करीत असल्याचे चालकांनी जाहीर केले. तेव्हा वाचकांनीच मदत पुढे केली आणि त्याच वर्षी ते वर्गणीवर चालू लागले. नवा मजकूर प्रथम वर्गणीदारांस, आणि काही दिवसांनी सर्वांस खुला, अशी ही योजना. ह्याउलट ‘डॉक्टर डॉब्ज’ वाचकप्रिय असूनही जाहिरातीच्या उत्पन्नाअभावी टिकले नाही. त्याची छापील आवृत्ती २००९ मध्ये थांबली, आणि २०१४ अखेर नवे लेखनही थांबले.

ह्यावरून व्यवसायवृत्ताचे तीन आधार दिसतात: आश्रय, जाहिरात आणि वर्गणी. ‘खबरे’ला कारखान्याचा आश्रय होता. आश्रयाने पत्र लवकर उभे राहते, पण आश्रयदात्याच्या नांगराचा फाळ कोठे मोडला ते अशा पत्रात छापून येणे कठीण. जाहिरातीचीही तीच मर्यादा, थोड्या फरकाने. आणि व्यवसायवृत्ताचे खरे मोल अपयशाच्या वार्तेतच असते. यशाची वार्ता वाचून कारागीर आनंदतो. अपयशाची वार्ता वाचून तो शिकतो. ती निर्भयपणे देण्याचे बळ मुख्यतः वर्गणीत आहे.

६. मुंबईतील आरंभ आणि हरपत चाललेली स्मृती

भारतातील संगणकाच्या इतिहासात मुंबईचे स्थान पहिल्या रांगेतील आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संपूर्णपणे येथेच रचलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. ह्या कामाचे धुरीण रं. नरसिंहन. त्याच संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा आरंभ झाला. पुढे १९८२ साली ‘डेटाक्वेस्ट’ आणि १९८७ साली ‘पीसी क्वेस्ट’ ही मासिके निघाली. धंद्याला पत्रे मिळाली, पण ती इंग्रजी. आणि पहिल्याचा भर कंपन्यांच्या व्यापारावर, दुसऱ्याचा यंत्रांच्या निवडीवर.

मराठीत ह्या काळात काही लिहिले गेले नाही असे नाही. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. तिच्या पत्रिकेने विज्ञानाच्या इतर शाखांबरोबर संगणकाचीही ओळख करून दिली. परंतु ती ओळख होती. म्हणजे आरंभी केलेल्या विभागणीप्रमाणे ज्ञानप्रसार होता. टिफ्रॅकच्या चाळीस बिटांच्या शब्दांत आणि दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांच्या स्मृतिकोशात ज्यांनी आपले प्रोग्रॅम बसविले, त्यांनी ते कसे बसविले, रात्रपाळी कशी केली, चूक कशी हुडकली, हे त्यांच्या तोंडून मराठीत नोंदवून घेण्याचे काम ना ज्ञानप्रसारकांचे होते, ना कंपन्यांचे. ते व्यवसायवृत्ताचे काम होते.

येथे मुलाखतीचा इतिहाससाधन म्हणून विचार करणे अगत्याचे आहे. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने मिळविली ती कागदांच्या रूपात; दप्तरे वाड्यांच्या माळ्यावर शिल्लक होती म्हणून मिळाली. प्रोग्रॅमरच्या कामाचे दप्तर तसे उरत नाही. छिद्रपत्रे रद्दीत जातात, फिती पुसल्या जातात, आणि ज्या यंत्रावर प्रोग्रॅम वाचता येई ते यंत्रच मोडीत निघते. उरते ती स्मृती, आणि ती माणसाबरोबर जाते. हे ओळखूनच अमेरिकेत १९७९ पासून संगणनाच्या इतिहासाला वाहिलेले स्वतंत्र त्रैमासिक निघू लागले, आणि मिनेसोटा विद्यापीठातील चार्ल्स बॅबेज संस्थेने जुन्या जाणत्यांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह केला. टिफ्रॅकच्या काळी ज्यांची पंचविशी होती ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. ह्या वाक्यात जेवढी निकड आहे तेवढी प्रस्तुत विषयातील दुसऱ्या कोणत्याही मुद्द्यात नाही.

७. लिपी आणि बोली

मराठी पत्राच्या वाटेत दोन अडथळे सांगितले जातात: लिपीचा आणि परिभाषेचा. पहिला एके काळी खरा होता. संगणकावर देवनागरी अक्षरे जुळविणाऱ्या निरनिराळ्या मुद्राक्षर-संचांनी आपापली सांकेतिक पद्धती वापरली. एका संचात जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा चिवडा होई. त्या काळातील पुष्कळ मराठी मजकूर त्यामुळेच आज शोधता येत नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह प्रसिद्ध झाली. तरीही ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ ह्यांतील आडव्या रेघेच्या रकाराची व्यवस्था लागण्यास काळ गेला, आणि ‘अॅ’साठी मराठीस हवे असलेले स्वतंत्र स्वरचिन्ह तर २००८ मध्ये सामील झाले. ज्या स्वरावाचून ‘अ‍ॅप’ हा शब्दच धड लिहिता येत नाही, तो इतक्या उशिरा मिळावा, ह्यावरून ह्या क्षेत्रात मराठीच्या बाजूने बोलणारे किती थोडे होते ते दिसते. आज मात्र लिपीची सबब उरलेली नाही.

परिभाषेचा अडथळा निराळ्या जातीचा आहे. ‘संगणक’ हा शब्द रुळला. ‘आज्ञावली’ ग्रंथात रुळला, बोलण्यात नाही. पण धंद्याची बोली कोशात शोधावयाची नसते. कल्याण-कर्जत मार्गावरील गाडीत ऐरोली, महापे किंवा अंधेरीकडे कामास निघालेले बदलापूरकर आणि अंबरनाथकर तरुण आपसांत काय बोलतात ते ऐकावे. ‘सर्व्हर बसला’, ‘बग निघाला’, ‘लिंक तुटली’, ‘कोड टाकला’, ‘फाइल उडाली’. नामे इंग्रजी खरी. परंतु क्रियापदे पाहा. बसणे, निघणे, तुटणे, टाकणे, उडणे ही सारी अस्सल मराठी, आणि त्यांतील लक्षणाही मराठीच. बैल बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, तसा सर्व्हर बसतो. लिंगव्यवस्थाही स्थिर आहे: ‘बग’ पुल्लिंगी, ‘फाइल’ स्त्रीलिंगी, आणि ह्यांविषयी बोलणाऱ्यांत सहसा मतभेद नसतो. ज्या भाषेने परक्या नामांस लिंग दिले, विभक्ती दिली आणि आपली क्रियापदे जोडून दिली, तिला त्या व्यवहाराची बोली नाही असे कसे म्हणावे?

अंबरनाथचा इतिहास ह्याला पुष्टी देतो. आयुधनिर्माणी, आगपेट्यांचा कारखाना, १९५३ साली सुरू झालेला मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना ह्यांच्या परिसरात फिटर, टर्नर, लेथ, जॉब हे शब्द मराठी घरांत इतके मुरले की त्यांस कोणी परके म्हणत नाही. कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या पिढीने जे लोखंडाच्या बाबतीत केले तेच तिची नातवंडे आज्ञावलीच्या बाबतीत करीत आहेत. फरक एवढाच की, आजोबांच्या कामाविषयी चार ओळी छापणारी ‘खबर’ एके काळी मराठीत होती.

८. निष्कर्ष

आतापर्यंतच्या विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली : मराठीत व्यवसायवृत्ताची परंपरा आहे, ती खंडित झाली ती भाषेच्या दुबळेपणामुळे नव्हे, तर पत्र वाढताच ते सामान्य वाचकाकडे वळले म्हणून. नव्या पत्राने आपला वाचक थोडा आहे हे आरंभीच मान्य करावे आणि त्या थोड्यांच्या वर्गणीवर बेतूनच आपला संसार मांडावा.

दुसरी : अशा पत्राची भाषा घडवावयाची नाही, ऐकावयाची आहे. मूळ प्रोग्रॅम रोमन लिपीत राहील आणि त्याविषयीचे बोलणे मराठीत, ह्यात विपरीत काही नाही. ‘दर्पणा’ने इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापूनच मराठी वृत्तपत्राचा पाया घातला.

तिसरी : बातमी उद्याही मिळेल, मुलाखत मिळेलच असे नाही. म्हणून आरंभ मुलाखतीपासून करावा, आणि वयाने सर्वांत वडील असलेल्यांपासून करावा.

ह्या तिसऱ्या कामाला पत्र निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. भाषाविज्ञान आणि इतिहास ह्या दोन्ही विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. एकाने बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातील संगणक-व्यावसायिकांच्या बोलीचा शब्दसंग्रह करावा. दुसऱ्याने निवृत्त प्रोग्रॅमरांची प्रश्नावली तयार करून, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रण आणि अक्षरशः लेखन करावे. प्रश्न कुशलतेची पारख करणारे नसावेत, काम समजावून घेणारे असावेत. म्हणजे ‘मुलाखत’ ह्या शब्दाला त्याचा मूळचा ‘भेट’ हा अर्थ थोडातरी परत मिळेल. असे वीस-पंचवीस वृत्तांत जमले की भावी संपादकाच्या हाती पहिल्या वर्षाचे अंक आयतेच पडतील, आणि संपादक न मिळाला तरी भावी इतिहासकाराच्या हाती साधन राहील.